परिचारिकेच्या पदवीचा भार कोणी वाहावा?

अमेरिकेत बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या नोंदणीकृत परिचारिकेपुढे आज एक प्रश्न टाकला जातो : नोकरी सांभाळून नर्सिंगची पदवी मिळवायची, तर कोणता ऑनलाइन अभ्यासक्रम निवडावा? प्रश्न निरुपद्रवी दिसतो. वेळ आणि पैसा यांचा मेळ घालून प्रत्येकीने आपापले पाहावे, असे त्यात गृहीत धरलेले असते. या गृहीताचीच झाडाझडती घेणे अगत्याचे आहे. पदवी हवी कोणाला, लाभ कोणाला आणि खर्च कोणाच्या माथी, हे खरे प्रश्न आहेत.

परिचारिका होण्याचा दोन वर्षांचा मार्ग तेथे १९५० च्या दशकात मिल्ड्रेड माँटॅग यांच्या योजनेतून निघाला. स्वस्त अशा सरकारी कम्युनिटी कॉलेजांमुळे कष्टकरी घरांतील स्त्रियांना या व्यवसायाचे दार उघडले. त्यांची आणि चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांची परवाना परीक्षा एकच. तरीही १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने पदवी हीच किमान पात्रता असावी, अशी भूमिका घेतली. २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात, असे उद्दिष्ट मांडले. २०१७ मध्ये न्यू यॉर्क राज्याने नव्या परिचारिकांवर १० वर्षांत पदवी मिळवण्याचे कायदेशीर बंधन घातले.

पदवी निरर्थक आहे, असे कोणी म्हणणार नाही. लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००३ मध्ये दाखवून दिले की, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण जेथे अधिक, तेथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू कमी आढळतात. रुग्णालयांचे चालक हा निष्कर्ष आवर्जून सांगतात. परंतु याच संशोधकांनी याच रुग्णालयांविषयी २००२ मध्ये काढलेला निष्कर्ष ते सोयिस्करपणे विसरतात : एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की मृत्यूचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णसंख्येवर मर्यादा घालणारा प्रस्ताव मतदानास आला, तेव्हा रुग्णालयांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि तो पडला. ज्या सुधारणेचा खर्च परिचारिका सोसते ती हवी. ज्या सुधारणेचा खर्च मालकाला पडतो ती नको. विज्ञानाच्या नावाने चाललेला हा निव्वळ हिशेब आहे.

सक्ती निर्माण झाली की बाजार हजर होतोच. फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स या नफेखोर संस्थेला २०१९ मध्ये १९ कोटी १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. सरकारी विद्यापीठांची नावेही निर्भेळ उरलेली नाहीत. काहींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांमागे विद्यार्थी गोळा करून शुल्कात वाटा घेणाऱ्या खासगी कंपन्या उभ्या असतात. याउलट, कम्युनिटी कॉलेजांना प्रायोगिक तत्त्वावर नर्सिंगची पदवी देऊ देणारी दोन विधेयके कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केली, तेव्हा २०२४ मध्ये गव्हर्नरांनी ती नाकारली. स्वस्त दार बंद आणि महाग दार सताड उघडे, अशी ही व्यवस्था आहे.

तोवर परिचारिकेला निवड करणे भाग आहेच. ती करताना जाहिरात बाजूला सारून काही गोष्टी लेखी मागाव्यात. नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची अधिस्वीकृती आहे काय? तीवाचून पुढील पदव्युत्तर प्रवेश अडतो. पूर्वीच्या शिक्षणाचे किती श्रेयांक धरले जातील? पदवी हाती पडेपर्यंतचा एकूण खर्च किती? प्रत्यक्ष कामाचा अनुभव आवश्यक असल्यास जागा संस्था शोधणार की परिचारिकेनेच दारोदार फिरायचे? संस्था सरकारी, की भागधारकांची? मालक शुल्क देत असेल तर करारही बारकाईने वाचावा. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते. पण मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम परत करण्याची अट तीत असेल, तर ती मदत वेठीचा दोर ठरते.

परंतु शहाणी निवड हा न्यायाला पर्याय नव्हे. एकेकटी परिचारिका फार तर कमी वाईट सौदा मिळवील. सौद्याच्या अटी बदलणे संघटनेलाच शक्य आहे. पूर्ण शुल्क, भरपगारी अभ्यासरजा, पदवीनंतर निश्चित वेतनवाढ आणि परतफेडीच्या अटीला नकार, या मागण्या वेतनकरारातच आल्या पाहिजेत. महाराष्ट्रातही जीएनएम पदविकेवर सेवेत शिरलेल्या परिचारिकेला पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा रस्ता दाखवला जातो; तेथेही कार्यकर्त्यांनी हाच सवाल उभा केला पाहिजे. रुग्णाचा जीव वाचवणारे शिक्षण ही समाजाची गरज आहे. तिची किंमत रात्रपाळीनंतर जागून अभ्यास करणाऱ्या स्त्रीने एकटीने का मोजावी?