सिरसाळा वाढतंय, पण बागेची जागा कोण राखून ठेवणार?

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातलं सिरसाळा हे आसपासच्या खेड्यांचं बाजाराचं गाव. इथे औद्योगिक वसाहत उभारण्याचा विषय गेल्या काही वर्षांत सरकारी पातळीवर पुढे सरकला आहे. 17 सप्टेंबर 2025 ला बीड शहरात रेल्वे पोहोचली. 261 किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाचा परळीकडचा टप्पा पूर्ण झाला, की या पट्ट्यातल्या जमिनीला आणखी मागणी येईल.

अशा गावांत रस्ता, पाणी आणि गटारीची चर्चा होते. बागेची होत नाही. "आधी नळाला पाणी येऊ द्या, बाग नंतर बघू," हे उत्तर ठरलेलं असतं. पण पाण्याची पाइपलाइन 20 वर्षांनीही टाकता येते. बागेची जागा एकदा प्लॉट पाडून विकली गेली, तर ती परत मिळवणं जवळपास अशक्य होतं.

शहरात बागेची जागा येते कुठून?

महाराष्ट्रात याचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. महापालिका, नगरपालिका किंवा नगरपंचायत आपल्या हद्दीचा विकास आराखडा तयार करते. कोणत्या जागेवर रस्ता, शाळा, दवाखाना, मैदान किंवा बाग होणार, हे त्यात ठरतं. यालाच 'आरक्षण' म्हणतात. प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी नागरिकांना 30 दिवस मिळतात.

पण आरक्षण पडलं म्हणजे बाग झाली, असं नाही. जमीन मूळ मालकाच्याच नावावर राहते. ती ताब्यात घेण्याचे तीन रस्ते कायद्याच्या कलम 126 मध्ये आहेत:

1. मालकाशी वाटाघाटी करून पैसे देणं.
2. पैशांऐवजी वाढीव चटईक्षेत्र किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क देणं.
3. सक्तीचं भूसंपादन करणं.

मोठ्या शहरांत पालिकेचा कल दुसऱ्या रस्त्याकडे असतो, कारण त्यात तिजोरीतून रोख रक्कम जात नाही. पण टीडीआर घेणारा बिल्डर असेल तरच त्याला किंमत. जिथे दोन मजल्यांवर घर चढत नाही, तिथे हा कागद घेऊन मालक काय करणार? म्हणून लहान शहरांत फिरून प्रश्न रोख पैशांवर येतो आणि तिथेच अडतो.

10 वर्षांचं घड्याळ

शेतकऱ्याच्या जमिनीवर बागेचं आरक्षण पडलं, की त्याला तिथे घर बांधता येत नाही आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळत नाही. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे लागले, तरी जमीन असून नसल्यासारखी. त्यामुळे सरकारने जमीन अनंत काळ अडकवून ठेवू नये, म्हणून कायद्यात कलम 127 आहे.

विकास आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची ठोस कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण रद्द होतं. 2015 च्या दुरुस्तीआधी ही मुदत 12 महिन्यांची होती. नुसती पत्रापत्री किंवा ठराव म्हणजे कार्यवाही नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितलं आणि 2013 मध्ये श्रीरामपूर नगरपालिकेच्या प्रकरणात तीच भूमिका कायम ठेवली.

थोडक्यात, नकाशावरचा हिरवा ठिपका ही पालिकेने दिलेली तारीख असलेली हुंडी आहे. मुदतीत पैसे भरले नाहीत, तर हुंडीही जाते आणि बागही.

पुणे आणि मुंबई काय सांगतात?

1997 मध्ये पुण्याच्या हद्दीत नवी गावं आली. तिथल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यान करायचं, यावर पुढची अनेक वर्षं वाद चालला. अखेर 2015 मध्ये सरकारने सुमारे 978 हेक्टरवरचं आरक्षण कायम केलं. मालकांना मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर देऊ केला. बहुतेकांना तो परवडणारा वाटला नाही. संपादन रखडलं आणि काही टेकड्यांवर अनधिकृत घरं चढली. टेकडी वाचावी म्हणणारे नागरिक आणि जमीन अडकलेले मालक असे दोघंही आज नाराज आहेत.

याउलट दादरचं शिवाजी पार्क पाहा. हे मैदान 1925 मध्ये लोकांसाठी खुलं झालं आणि भोवतालच्या बहुतेक इमारती त्यानंतर, मुख्यतः 1930 च्या दशकापासून उभ्या राहिल्या. आधी मैदान, मग घरं. आज तेवढी जागा दादरमध्ये विकत घ्यायची म्हटली तर कोणत्याही पालिकेला ते झेपणार नाही. 2024 मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 पैकी 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचा निर्णय झाला. तो शक्य झाला, कारण ती जमीन मुळातच सार्वजनिक मालकीची होती आणि भाडेपट्टा 2013 मध्येच संपला होता.

सिरसाळ्यासारख्या गावात नियम काय?

ग्रामपंचायतीच्या गावाला शहरासारखा स्वतःचा विकास आराखडा सहसा नसतो. तिथे बागेसाठी मोकळी जागा मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे मंजूर ले-आउट. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते.

गणित सोपं आहे. तीन एकर म्हणजे 120 गुंठे. त्याचा एकच ले-आउट मंजूर करून घेतला, तर 12 गुंठे मोकळे राहतात. तिथे झाडं, बाकडी आणि मुलांना खेळायला जागा होते. पण तीच जमीन 30-30 गुंठ्यांच्या चार वेगळ्या प्रस्तावांत आली, तर प्रत्येक तुकडा एक एकराच्या आत बसतो आणि मोकळी जागा उरते शून्य. मंजुरीशिवाय गुंठा-गुंठा विकला, तर विचारणारंही कुणी नसतं.

अशी गुंठेवारी पुढे नियमित होते. त्यासाठी 2001 चा कायदा आहे आणि 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. 2025 मध्ये सरकारने तुकडेबंदी कायदाही शिथिल करायला घेतला. ज्यांनी पोटाला चिमटा काढून गुंठाभर जागा घेतली, त्यांच्यासाठी हा मोठाच दिलासा. पण घर नियमित करता येतं, न सोडलेली मोकळी जागा मागून आणता येत नाही.

मग गायरानावर बाग करता येईल?

गावात सगळ्यांच्या तोंडी येणारं उत्तर हेच असतं: "गायरान पडून आहे की!" पण गायरान ही रिकामी जमीन नाही. ती गुरांच्या चराईसाठी राखलेली असते. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 ला गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश दिले. 2017 मध्ये महाराष्ट्राने जमीन महसूल संहितेत कलम 22-अ घालून गायरानाचा वापर बदलण्यावर कडक मर्यादा आणल्या.

तरीही परिस्थिती काय आहे? राज्यात गायरानावर 2 लाख 22 हजारांहून जास्त अतिक्रमणं असून त्यांनी सुमारे 10,089 हेक्टर जमीन व्यापली आहे, अशी माहिती 2022 मध्ये राज्य सरकारनेच मुंबई उच्च न्यायालयात दिली. यात भूमिहीनांची घरं आहेत, तशीच व्यावसायिक बांधकामंही. त्यामुळे गायरानाकडे बागेचा तयार साठा म्हणून पाहता येत नाही. पण ते वाचलं, तर गावाभोवतीचा मोकळा श्वास टिकतो, हेही खरं.

आज घ्यायची की उद्या?

2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपट आणि शहरी भागात दुप्पट मोबदला मिळतो. वरवर पाहता शहर झाल्यावर जमीन घेणं स्वस्त वाटेल. पण समजा, आज शेतजमिनीचा भाव एकरी 20 लाख आहे. चौपट म्हणजे 80 लाख. गाव वाढून तोच भाव गुंठ्याला 5 लाख झाला, तर एकराचे होतात 2 कोटी आणि दुप्पट मोबदला 4 कोटी. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण दिशा हीच असते.

यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. त्याला आज चौपट मोबदला मिळतो आणि 10 वर्षं आरक्षणाखाली कुजत बसावं लागत नाही. एकाच शेतकऱ्यावर बोजा पडू नये, यासाठी नगररचना योजनेचाही मार्ग आहे. त्यात सगळे मालक आपली जमीन एकत्र आणतात, रस्ते आणि बागा काढून घेतल्या जातात आणि उरलेले आखीव प्लॉट प्रत्येकाला परत मिळतात. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात मालकांना 40 टक्के जमीन विकसित प्लॉटच्या रूपात परत देण्याचं हेच सूत्र आहे. तिथे या वाट्यावरून शेतकऱ्यांनी विरोधही केला. म्हणजे वाटा किती, हे आधी आणि उघडपणे ठरणं महत्त्वाचं.

नागरिक काय करू शकतात?

गावात मंजूर झालेल्या प्रत्येक ले-आउटच्या नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. त्यात दाखवलेली 10 टक्के मोकळी जागा आजही मोकळी आहे का, की तिथे कुणाचं दुकान झालं, हे पायी फिरून तपासता येतं. ग्रामसभेत गावातल्या सगळ्या सार्वजनिक जागांची यादी करण्याचा ठराव मांडता येतो. पुढे गावाची नगरपंचायत झाली, तर विकास आराखड्याच्या त्या 30 दिवसांत लेखी सूचना देता येते.

उद्यानाची जागा दुसऱ्याच कामाला दिली जात असेल, तर कायदा नागरिकांच्या बाजूने आहे. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती. आसपासच्या रहिवाशांनी लढा दिला आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते वाटप बेकायदा ठरवलं.

पण ते रहिवासी लढू शकले, कारण नकाशावर त्यांची बाग होती. सिरसाळ्यासारख्या गावांना आधी ती नकाशावर आणावी लागेल, आणि त्यासाठी शेवटचा प्लॉट विकला जाईपर्यंतच वेळ आहे.