गाठ बाईला सापडते, मग उशीर कोण करतं?

ऑक्टोबर आला की आपल्या तिन्ही शहरांत गुलाबी फलक लागतात. उल्हासनगरच्या नाक्यांवर, अंबरनाथ आणि बदलापूर स्टेशनांबाहेर. वर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, कोपऱ्यात फीत, आणि मधोमध बाईला उपदेश : लाज सोडा, भीती सोडा, स्वतःची तपासणी स्वतः करा. म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचं निदान उशिरा होतं ते बाई लाजते, घाबरते आणि अडाणी असते म्हणून, हे आधीच ठरलेलं. या वस्त्यांत काम करताना मी जे बघते ते याच्या नेमकं उलट आहे. बाईला गाठ सापडते. सापडल्यावर जो वेळ जातो, त्यातला फार थोडा तिने घालवलेला असतो.

एका बाईच्या महिन्यांचा हिशेब मी मांडला आहे. कॅम्प ५ मधली, वय ४३, घरी बसून जीन्सचे धागे कापते, मजुरी नगावर. आंघोळ करताना गाठ हाताला लागली. तीन आठवडे तिने मनात ठेवली, मग दवाखान्यात गेली. तिथे काय म्हणाली? ‘छातीत काहीतरी लागतंय.’ आपल्याकडे बाई ‘स्तन’ म्हणत नाही, छातीच म्हणते. डॉक्टरांनी ब्लाउजवरूनच नळी लावली, खोकल्याचं औषध दिलं आणि छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रे स्वच्छ. दोन महिने गेले. दुसऱ्या दवाखान्यात तिने धीर करून जागा दाखवली, तर ‘दुधाची गाठ आहे, शेक द्या’ असं उत्तर मिळालं. तिचं धाकटं मूल तेव्हा १४ वर्षांचं होतं! शेकण्यात तीन महिने. सोनोग्राफीत शंका आली तेव्हा घराने वेळ घेतला. ‘दुखत नाही ना? मग घाई कसली?’ मुलाची दहावीची परीक्षा, नवऱ्याची रजा, नणंदेचं लग्न. अडीच महिने. मग सुईची तपासणी, ती अपुरी म्हणून पुन्हा तुकडा काढून तपासणी, तारखा, रिपोर्ट, आणि परळच्या फेऱ्या. आणखी अडीच महिने. एकूण जवळजवळ अकरा महिने. त्यातले तिचे तीन आठवडे. गाठ तोवर काखेत पोचली होती.

आणि केसपेपरवर काय लिहिलं गेलं? ‘रुग्ण उशिरा आली.’

ही केवळ गरिबीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. उल्हासनगरच्या बाजारात दोन-दोन दुकानं असलेल्या घरातली सूनही मी पाहिली आहे. तिच्याकडे पैसे होते, गाडी होती. पण पुरुष डॉक्टरसमोर पदर काढायचा नाही, हे सासरने ठरवलं. अंबरनाथच्या एका चाळीत नवऱ्याने निदान ऐकून बाईला माहेरी पोचवलं. उपचार माहेरच्यांनी करायचे, आणि बरी झाली तर परत न्यायची. या पुरुषांसाठी एकही फलक लागत नाही. लाज सोडा म्हणून त्यांना कोण सांगणार?

आता स्वतःच स्वतःची तपासणी करण्याबद्दल. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांवर फार मोठा अभ्यास झाला, त्याचा अंतिम निष्कर्ष २००२ मध्ये आला. निम्म्या जणींना स्वतपासणी नीट शिकवली, वारंवार उजळणी घेतली. तरी त्यांच्यात आणि न शिकवलेल्यांत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फरक पडला नाही. याचा अर्थ बाईने आपलं शरीर ओळखू नये असा मुळीच नाही. ते तिचंच आहे. पण शिकवलं की आपलं काम संपलं, असं कुणाला म्हणता येणार नाही.

दुसरा अभ्यास आपल्या दारातला. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया घेतल्या. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने तपासले. त्या डॉक्टर नव्हत्या. उरलेल्या निम्म्या जणींना एकदा कर्करोगाची माहिती दिली, पुढे दर दोन वर्षांनी नुसती विचारपूस. म्हणजे एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला जागृती. वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोग सापडलेल्यांपैकी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचलेल्या जागृतीच्या गटात ४७ टक्के होत्या, हाताने तपासलेल्यांत ३७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. हात म्हणजे जादू नव्हे. (ज्या हजारो जणींच्या वाट्याला फक्त माहिती आली, त्यांनी कुणाच्या ज्ञानासाठी किंमत मोजली, हा प्रश्न आपण कधीतरी स्वतंत्रपणे घ्यायला हवा.)

सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी लिहिलेली आहे. प्रत्यक्षात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीही झालेली देशभरात शंभरात एकसुद्धा निघाली नाही. आमच्या आशाताई दारोदार फॉर्म भरतात. त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का, असे प्रश्न असतात. मी त्यांच्याबरोबर फिरले आहे. हे प्रश्न उंबऱ्यावर, सासऱ्यासमोर विचारले जातात. उत्तर अर्थातच ‘नाही’. फॉर्म पूर्ण होतो, बाई तशीच राहते. दोष आशाताईंचा नाही. स्वतःच्या मानधनासाठी २०२३ मध्ये ज्यांना संपावर जावं लागलं, त्यांनी आडोसा कुठून आणायचा?

आडोसा लागतो, नर्सचा प्रशिक्षित हात लागतो, आणि वेळ बाईच्या सोयीची लागते. सकाळी धुणं-पाणी, डबे, मग धागे किंवा पापड. एमआयडीसीत जाणारीला तर रविवारशिवाय दिवस नाही. एक दिवसाच्या शिबिरात हार-तुरे झाल्यावर तपासणीला तासभर उरतो. आणि गाठ सापडली तर पुढे काय, याची सोय नसेल तर ते शिबिर बाईला घाबरवून घरी पाठवण्याचा कार्यक्रम ठरतो. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय इथे आठवड्यातला एक ठरलेला दिवस, बाई डॉक्टर, आणि तुकडा तपासणीचा रिपोर्ट पंधरा दिवसांत, एवढं मागणं जास्त आहे का? २०११ च्या जनगणनेत तिन्ही शहरं मिळून नऊ लाखांच्या वर लोक होते.

तोवर मैत्रिणींनो, दवाखान्यात ‘छातीत’ म्हणू नका, ‘स्तनात गाठ आहे, हात लावून तपासा’ असंच म्हणा. ती दुखत नसली तरी दाखवा. कातडीला खळी पडली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ लागली, तर पुढच्या पाळीची वाट पाहू नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते अंदाजाने नाही, तपासून ठरतं. लहान असताना सापडली तर पुष्कळदा स्तन न काढताही उपचार होतात. आणि एकटीने जाऊ नका, संघटनेतली कुणीतरी बरोबर घ्या. दोघी असल्या की डॉक्टर जरा जास्त वेळ देतात, हा माझा अनुभव आहे.

आपण माहितीच्या अधिकारात दोन आकडे मागणार आहोत : गेल्या वर्षी प्रत्येक प्रभागात तीस वर्षांवरच्या किती स्त्रियांचे स्तन हाताने तपासले, आणि संशय आलेल्यांपैकी किती जणी तुकडा तपासणीपर्यंत पोचल्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उल्हासनगर महापालिकेचा अर्ज लिहून तयार आहे. अंबरनाथ आणि बदलापूरसाठी त्या त्या गावातल्या बाईची सही हवी.