उपकार बैलाचे, हिशोब पुढाऱ्याचा



श्रावणातल्या अमावास्येला आपल्या गावोगावी पोळा भरतो. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून आपण त्याला जेवणाचे आवतण देतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवले, त्याचे ऋण मानतो. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादहीचा दहीभात ठेवतो. कोरडवाहू शेतकरी उपकार विसरत नाही. पाऊस दगा देतो तेव्हा तो देवाशी भांडतो, पण पुढच्या मृगात त्याचेच नाव घेऊन तिफण धरतो.

त्याच पोळ्यात तोरणाखाली झडत्या होतात. आधी महादेवाला नमन, मग सावकार, व्यापारी, सरकार, पुढारी यांची हजेरी. आपल्या बापजाद्यांना हा भेद नीट कळत होता. देवाला हात जोडायचे, बैलाचे उपकार मानायचे आणि पुढाऱ्याला जाब विचारायचा. आज उलटे झाले आहे. हार पुढाऱ्याच्या गळ्यात आणि दोष देवाच्या माथी!

कापसाचा भाव नशिबाने पडत नाही. २०२५ चा पोळा २२ ऑगस्टला होता. त्याच्या तीन दिवस आधी, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला. सूट आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपल्या वेचणीचा आणि विक्रीचा काळ. बाहेरची गाठ स्वस्त मिळाली तर गिरणी आपल्या कापसाला भाव कशाला देईल? यात देवाचा काय दोष? सही दिल्लीत झाली.

ज्वारीचेही तेच. ती परवडेना म्हणून पेरा घटला. पेऱ्याबरोबर कडबा गेला आणि कडब्यामागे गोठा रिकामा झाला. आज कितीतरी घरी मातीच्या बैलाची पूजा होते.

पक्ष कोणताही असो, अनुभव एकच. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची अट आली. आपल्या मुलखातला आठ एकरवाला काही बागाईतदार नाही, तरी तो पूर्ण माफीबाहेर राहिला. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदींनी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत चहावर चर्चा केली. चहा संपला, भावाचा प्रश्न तसाच आहे.

आम्ही श्रद्धा सोडा म्हणत नाही. श्रद्धा आहे म्हणूनच दरवर्षी सरकीचे बी मातीत पडते. पण भाव हा कोणाच्या हातचा प्रसाद नव्हे, तो आपल्या घामाचा मोबदला आहे. तो मागताना मान खाली घालू नये आणि मिळाला तर सत्काराची शाल शोधू नये.

येत्या पोळ्याला प्रत्येक गावात एक झडती आयात करावर आणि एक ज्वारीच्या भावावर झालीच पाहिजे. पुढारी तोरणाखाली आला तर त्याला पाहुणा म्हणून पुरणपोळी जरूर वाढा. पण उठण्याआधी हिशोब घ्या.