मालिका नटाची की भूमिकेची?



एका चित्रपटाचे दोन-तीन भाग निघाले की मालिका नटाची की भूमिकेची, हा वाद आपल्या तामसीतही रंगतो. जेम्स बाँड 1962 ते 2021 या काळात सहा नटांनी साकारला आणि तो चाललाही. पण लक्ष्याच्या जागी कोणाला उभे करणार? माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, मराठी सिनेमा उशिरा कळला. तरी 'झपाटलेला' (1993) कितीदा पाहिला याची मोजदाद नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजी गेले. 2013 साली महेश कोठारे यांनी 'झपाटलेला 2' काढला, तोही थ्रीडीत. त्यात त्यांनी दुसऱ्याला लक्ष्या केले नाही. लक्ष्याच्या मुलाची भूमिका आदिनाथ कोठारे यांना दिली. हे मला योग्य वाटते. पहिल्याची सर आली नाही, पण तात्या विंचू तोच होता, रामदास पाध्ये यांचा बाहुला!

आता संगणकाने दिवंगत नट पडद्यावर आणण्याच्या गोष्टी होतात. चेहरा येईल हो, पण समोरच्या नटाकडे बघून लक्ष्या जी वेळ साधायचा, ती कुठून आणणार?

स्नेहसंमेलनात मुले लक्ष्याची नक्कल करतात, करू द्यात. सोबत बोलक्या बाहुल्यांचा एक प्रयोगही बसवावा. विश्वस्त मंडळाने कापड, लाकूड व रंगांपुरती तरतूद करावी, ही विनंती. सुतारकाम जाणणाऱ्या पालकांनी शाळेत अवश्य भेटावे.

– मुख्याध्यापक