मुंबईची पेटी आणि इथला हीटर



रेडिंगच्या एका मित्राने कार बूट सेलमध्ये पंधरा पौंडांना एक जुनी नक्षीची पेटी घेतली. झाकणावर बारीक चांदण्यांची जाळी, दोन कोपऱ्यांतले तुकडे गेलेले, एक बिजागरी सुटलेली. शनिवारी सॅंडपेपर मारून व्हार्निश करतो म्हणाला. म्हटलं, बाबा, शनिवारी दुसरं काहीही कर!

इथले जुन्या वस्तूंचे दुकानदार हिला 'बॉम्बे बॉक्स' म्हणतात. काम सदेलीचं. हस्तिदंत, हाड, शिंग, आबनूस यांच्या बारीक काड्या आणि कथलाची तार एकत्र चिकटवून जुडी करायची, मग काकडी चिरतो तशा तिच्या आडव्या चकत्या काढायच्या. प्रत्येक चकतीत तीच चांदणी. त्या पेटीवर सरसाने बसवायच्या. सुरत आणि मुंबई ही या कामाची मुख्य गावं. १८५१ साली हाइड पार्कच्या प्रदर्शनात हे काम मांडलं होतं. पुढे जॉर्ज बर्डवुड यांनी (जन्म १८३२, आपल्या बेळगावचा!) भारतीय कारागिरीवरच्या १८८० च्या पुस्तकात या पेट्यांबद्दल लिहिलं.

आता कळेल सॅंडपेपर का नको. नक्षीचा थर जेमतेम मिलिमीटरभर. घासला की चांदण्या गेल्या, त्या परत येत नाहीत.

पाणीही नको. जुना सरस ओलाव्याने सुटतो, आणि हाड-हस्तिदंत फुगून वाकडे होतात. आधी मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. मळ हटत नसेल तर कापसाच्या काडीला किंचित थुंकी लावून पुसा आणि लगेच कोरडं करा. हसू नका, संग्रहालयांतले जाणकारही हेच करतात.

सुटलेले तुकडे फेकू नका, पाकिटात ठेवा. चिकटवायला सरस किंवा फिश ग्लू. सुपरग्लू नाही, फेविकॉलही नाही, कारण पुढच्या माणसाला ते सोडवता आलं पाहिजे. तुकडाच हरवला असेल तर ती जागा रंगीत मेणाने भरा. बिजागरीच्या स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर सरस लावलेली काडी भोकात बसवून तोच जुना स्क्रू घाला, जाडा नको. आतून व्हार्निश तर मुळीच नको. कित्येक पेट्यांचं लाकूड चंदनाचं असतं, झाकण उघडलं की देवघरातली सहाण आठवते. तो वास व्हार्निशखाली का कोंडायचा?

तुकडे मुळात पडतात का? पेटी झाली मुंबईच्या दमट हवेत, आणि आता राहते सेंट्रल हीटिंगमध्ये. लाकूड वाळून आडवं आकसतं, कथील आकसत नाही, मग नक्षी उचलली जाते. रेडिएटर किंवा शेकोटीवरच्या फळीवर ठेवाल तर दुरुस्ती फुकट.

एक कायद्याची गोष्ट. हस्तिदंत असलेल्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर यूकेत ६ जून २०२२ पासून बंदी आहे. ३ मार्च १९४७ पूर्वीच्या वस्तूत हस्तिदंत आकारमानाच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर सूट मिळू शकते, पण विक्रीआधी २० पौंड भरून नोंदणी करावी लागते. घरात ठेवायला किंवा मुलीला द्यायला अडचण नाही. हाडावर बारीक काळसर ठिपके दिसतात, हस्तिदंतावर नाही, भिंगातून बघा. तापलेली सुई टोचून बघण्याचा जुना उपाय करू नका, कायमचा डाग पडतो.

आणि हौसेने ती पेटी पुण्याला आईला दाखवायला बॅगेत घालू नका. हस्तिदंत सीमेपार न्यायला परवाने लागतात, भारतात नियम फार कडक आहेत. फोटो पाठवा.