तुमच्या घराशेजारी लॉन्स होणार आहे का? मग हे आधी वाचा



मुंबईत मैदानांवरच्या कार्यक्रमांवरून रहिवासी न्यायालयात जातात. माजलगावसारख्या तालुक्याच्या गावात तोच वाद मंगल कार्यालय, लॉन्स आणि तिथल्या डीजेवरून होतो. माझं मत आधीच सांगतो. गावाला कार्यालयं हवीतच. मुलीच्या बापाला बीडपर्यंत जायला लागू नये आणि मंडपवाले, आचारी, बँडवाले यांचीही घरं चालावीत. पण दाट वस्तीत, अरुंद रस्त्यावर, उघड्या लॉन्सला परवानगी मिळू नये. हे मी डॉक्टर म्हणून सांगतो आहे.

"एका रात्रीने काय होतं?"

पाहुण्यासाठी ती एक रात्र असते. शेजाऱ्यासाठी तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतचा प्रत्येक मुहूर्त असतो.

डेसिबलचा हिशोबही समजून घ्या. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ चे ८५ झाले तर ती हजारपट झाली. अमेरिकेतील 'नायोश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. ही मर्यादा मोठ्या माणसांची आहे, स्पीकरसमोर नाचणाऱ्या लहान मुलांची नाही.

शेजाऱ्याचं पहिलं नुकसान मात्र कानाचं नसतं, झोपेचं असतं. आपण झोपलो तरी कान आणि मेंदू आवाज घेतच असतात. जाग आली नाही तरी ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, ताणाची संप्रेरकं वाढतात. बीपी, शुगर, हृदयविकार असणारे, तान्ही बाळं, गरोदर स्त्रिया आणि परीक्षेची मुलं यांना हे जास्त बाधतं. खिडकी लावून किंवा कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही, कारण डीजेचा घुमणारा जाड आवाज भिंतीतूनही येतो. मी गोळी वाढवू शकतो, पण झोप लिहून देऊ शकत नाही.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. व्यापारी भागात हीच मर्यादा ६५ आणि ५५ आहे. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० नंतर उघड्यावर तो वाजवता येत नाही. सणासुदीला सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती कोणाच्या घरच्या लग्नासाठी नसते.

१८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं की लाऊडस्पीकर लावणं हा कोणाचा मूलभूत हक्क नाही. त्याआधी २०१० मध्ये याच न्यायालयाने दादरचं शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दवाखाना, शाळा, न्यायालयाभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र होतात असं अनेकांना वाटतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर करावं लागतं.

खरा निर्णय बांधकामाआधी होतो

आवाज सुरू झाल्यावर पोलीस एक रात्र बंद करतील, पुढच्या मुहूर्ताला पुन्हा तेच. मालकाचे पैसे अडकलेले, लग्नांच्या तारखा दिलेल्या. त्यामुळे उपाय परवानगीच्या टप्प्यावरच हवा. माझ्या मते नगर परिषदेने चार गोष्टी पाहाव्यात:

१. जागा रुंद रस्त्यावर आहे का? वरातीच्या गर्दीतून रुग्णवाहिका जाईल का?
२. गाड्या आवारातच मावतील का?
३. गाणं-बजावणं बंद सभागृहात होणार की उघड्यावर?
४. हद्दीच्या भिंतीपाशी आवाज किती येईल, आणि तो कोण मोजणार?

तुम्ही काय करू शकता?

शहराची विकास योजना नगर परिषदेत पाहता येते. ती जागा निवासी आहे की व्यापारी, हे तिथे कळतं. जमिनीचा वापर बदलायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नागरिकांकडून हरकती मागवाव्या लागतात. ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. एकट्याने देण्यापेक्षा गल्लीने मिळून द्या. बांधकाम परवानगीची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. रात्री १० नंतर आवाज असेल तर ११२ वर फोन करा.

आणि एक विनंती. आपल्या घरचं कार्य असेल तेव्हा हेच नियम स्वतःला लावा. कार्यालय बुक करताना "१० ला आवाज बंद" हे आधीच ठरवून घ्या. शेजारच्या लग्नाबद्दल तक्रार आणि आपल्या लग्नात मात्र बारापर्यंत डीजे, असं असेल तर आपल्या हरकतीला वजन राहत नाही.

काळजी घ्या, आणि शेजाऱ्याच्या झोपेचीही घ्या.