दुःख ऐकणाऱ्याचे दायित्व

रामनवमीच्या यात्रेला वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात, पोहरादेवी येथे जो जनसमुदाय लोटतो, त्याची मोजदाद करण्याचा मोह राजकीय पुढाऱ्यांना आवरत नाही. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे हे स्थान बंजारा समाजाची काशी मानले जाते. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, आंध्र, तेलंगण येथील तांड्यांतूनही माणसे तेथे येतात. पुढाऱ्यांना त्या गर्दीत मते दिसतात. परंतु यात्रेकरूच्या गाठोड्यात नारळाबरोबर आणखी काही असते : सावकाराचे देणे, मोडलेले लग्न, न उतरणारे दुखणे. ते गाठोडे सोडून दाखवावे अशी एकच जागा पुष्कळांना ठाऊक असते, आणि ती म्हणजे धर्मगुरूंचे पाय.

या जागेविषयी आपल्या चळवळीने फारसा विचार केलेला नाही. आपण बुवाबाजीचा निषेध केला, आणि तो योग्यच होता. पण माणसे तेथे का जातात, हा प्रश्न आपण अज्ञान या एका शब्दात मिटवून टाकला. काही वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातील एका खेड्यात, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी जाण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. एक लाखाच्या सरकारी मदतीपैकी तीस हजार रुपये विधवेच्या हाती आले होते, आणि त्यातील मोठा हिस्सा मृतात्म्याच्या शांतीचा विधी सांगणाऱ्या एका बुवाने नेला होता. मी संतापून बोललो. त्या बाईने शांतपणे उत्तर दिले, “तेरवीनंतर माह्या दारात बोलाले तोच एक आला व्हता, भाऊ.” या उत्तरात त्या बुवाचा अपराध आहे, तसा आपलाही आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या व्यवहाराचे स्वरूप ओळखीचे आहे. ज्या देवघेवीत एका पक्षाला सर्व ज्ञान असते आणि दुसऱ्याला मिळालेल्या मालाची पारख करता येत नाही, तेथे बाजाराचा नियम चालत नाही. रोगी वैद्याची परीक्षा घेऊ शकत नाही, अशील वकिलाची घेऊ शकत नाही; म्हणून त्या व्यवसायांना आचारसंहिता आहेत आणि त्या मोडणाऱ्याची सनद काढून घेण्याचा अधिकार असलेल्या परिषदा आहेत. धर्मगुरूपुढे बसलेला माणूस तर या दोघांहून दुबळा असतो. कारण गुरूवर शंका घेणे हेच पाप, असे त्याला शिकविलेले असते. आणि नेमक्या याच ठिकाणी कोणतीही संहिता नाही.

कायदा मुळीच नाही असे नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. अघोरी उपचार, अलौकिक शक्तीच्या नावाखाली फसवणूक आणि स्त्रियांचे शोषण त्याने गुन्हा ठरविले. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा देवस्थानांचे हिशेब तपासतो. याच जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर दोन जैन पंथांच्या वादामुळे १९८१ पासून २०२३ पर्यंत कुलूपबंद होते. पूजेचा आणि व्यवस्थेचा अधिकार कोणाचा, याचा खल न्यायालयांत दशकानुदशके झाला. पण देवळात येणाऱ्याचे दुःख ऐकणाऱ्याचे कर्तव्य काय, याचा विचार यांपैकी कोणी केला? कायदा नीचतेची सीमा आखतो. सदाचाराची रीत तो शिकवू शकत नाही.

ती रीत कोणती असावी? पहिली गोष्ट, विश्वासाने सांगितलेले गुपित राखणे. कॅथॉलिक धर्मगुरूने पापनिवेदनातील गोष्ट फोडली, तर त्याला बहिष्काराचे प्रायश्चित्त आहे. आपल्याकडे भक्ताची कहाणी प्रवचनात दाखला म्हणून येते. दुसरी, संकटात असलेल्या माणसाकडून त्या संकटाचे मोल न घेणे. तिसरी, स्वतःची मर्यादा ओळखणे : मरणाची भाषा बोलणाऱ्या कर्जबाजारी शेतकऱ्याला अंगारा देऊन परत पाठविणे हा अपराध मानला पाहिजे, त्याला डॉक्टरकडे नेले पाहिजे, किमान १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य साहाय्याचा क्रमांक हाती दिला पाहिजे. २००६ च्या पंतप्रधानांच्या मदत योजनेत विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत वाशीम होता, हे येथील कोणत्याही मठाने विसरता कामा नये.

चौथी गोष्ट आपल्याशी थेट निगडित आहे. दुःख ऐकून मिळविलेला विश्वास मतांच्या बाजारात नेता कामा नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची साथ चालू असताना, आरोपांनी घेरलेल्या एका मंत्र्याच्या आगमनानिमित्त पोहरादेवीत मोठी गर्दी जमली. तेव्हा श्रद्धास्थान हे शक्तिप्रदर्शनाचे मैदान झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील महंत बाबूसिंग महाराज राठोड यांची राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून विधान परिषदेवर नेमणूक झाली. वंचित समाजाला प्रतिनिधित्व मिळाले, याचे स्वागत करणे शक्य आहे. पण राज्यघटना या जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांसाठी देते; धर्मपीठासाठी नव्हे. पक्षाचा सदस्य झालेल्या गुरूपुढे विरोधी पक्षाचा भक्त आपले मन कसे मोकळे करील? हा प्रश्न एका व्यक्तीचा नाही. मठांच्या पायऱ्या झिजविणाऱ्या सर्व पक्षांचा आहे.

ही पाश्चात्त्य खुळे आहेत, असे कोणी म्हणेल. त्याने याच वऱ्हाडातल्या गाडगेबाबांकडे पाहावे. बाबांनी पाया पडू दिले नाही, कोणाला शिष्य म्हटले नाही, आणि लोकांनी दिलेला पैसा धर्मशाळांत घातला. यापेक्षा कडक आचारसंहिता कोणती परिषद लिहील?

ही संहिता सरकारने लादू नये. सरकारी धर्मगुरू हा आणखी मोठा अनर्थ होईल. ती समाजाने मागितली पाहिजे : तांड्याच्या नायकाने, विश्वस्तांनी, आणि सर्वांआधी स्त्रियांनी. आपले काम दोन प्रकारचे आहे. मठाच्या दारात मते मागायला जायचे नाही, हा नियम आपण प्रथम आपल्या उमेदवारांना लावावा. आणि तेरवीनंतर त्या दारात जावे.

१९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावून पंढरपूरचे दार दलितांसाठी उघडविले. आत गेलेल्या माणसाशी तेथे कसे वागले जाते, हे पाहण्याचे काम मागे राहिले आहे.